शेवटचा आकडा आपला

या यादीतल्या एकाही वस्तूला पूर्ण उत्तर देता येत नव्हतं. ती थोडं सांगायची आणि उरलेलं माणसावर टाकायची: दशांशचिन्ह कुठे द्यायचं, काटा किती झुकला म्हणजे पुरे, सुई नेमकी कुठे थांबवायची. काही वस्तू पुरत्या गेल्या, काही एखाद्या कोपऱ्यात तग धरून आहेत. क्रम लावलेला नाही.

औटकी

पूर्वी शाळेत पूर्णांकांचे पाढे संपले की अपूर्णांकांचे सुरू होत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सर्वांत शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. मुलं हे घोकत, कारण बाजारच अपूर्णांकांत चाले. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. नारळ अडीच आण्याला असेल तर सात नारळांचे अडीचकीने साडेसतरा आणे झाले. म्हणजे एक रुपया आणि वर दीड आणा. कागद लागत नसे, आणि समोरच्याने जास्त सांगितले तर ते कानालाच खटके.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा सव्वासहा पैशांचा निघाला, पण पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकदम एकोणीस असा सरकारी तक्ता आला. चार आणे तेवढे बिनतक्रार पंचवीसला बसले. ते पंचवीस पैशांचं नाणंही 30 जून 2011 पासून चलनातून गेलं. आता चार आणे उरलेत ते कोंबडीच्या म्हणीत, बारा आण्यांच्या मसाल्याशेजारी.

साडेतीनलाही स्वतंत्र पाढ्याचा मान का मिळाला, हा एक रिकामा प्रश्न. महाराष्ट्राचा या आकड्यावर जुना लोभ आहे: साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. माणसाचा देहही ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात म्हणतात. हे तपासता येतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं आणि साडेतीनने गुणायचं. उंचीच्या जवळपास येतं, बहुधा थोडं कमीच.

तराजू

दोन पारडी, मध्ये दांडी, दांडीला काटा. भाजीवाली तो एका हाताने उचले, दुसऱ्या हाताने वांगी टाके आणि काटा थरथरत असतानाच म्हणे, "बघा ताई, झुकतंय." त्यावर ठरलेलं उत्तर, "मावशी, आधी धडा केला होता का?" तेलाची बरणी किंवा तुपाचा डबा तोलायचा तर आधी रिकाम्या भांड्याइतका दगड दुसऱ्या पारड्यात टाकायचा, तो धडा. वजाबाकी दगड करत असे.

तराजूचा मोठा गुण असा, की वजनं दोन्ही पारड्यांत ठेवता येतात. यातून एक जुनं कोडं तयार झालं: एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत, म्हणजे अख्ख्या मणापर्यंत, प्रत्येक पूर्ण शेर तोलायला कमीत कमी किती वजनं लागतील? वजनं एकाच पारड्यात टाकायची म्हटली तर सहा लागतात: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. दोन्ही पारडी वापरली तर चार पुरतात: एक, तीन, नऊ, सत्तावीस. दोन शेर हवेत तर तीनचं वजन एकीकडे, एकचं मालाच्या बाजूला. पाच हवेत तर नऊ एकीकडे, तीन आणि एक मालाबरोबर. सगळ्यांची बेरीज बरोबर चाळीस.

इलेक्ट्रॉनिक काट्याला एकच पारडं असतं. तो ग्रॅमपर्यंत सांगतो, रुपयांतही सांगतो. समोर काटा थरथरत नसल्यामुळे झुकतं माप मागायची सोय मात्र राहिली नाही.

गुंज

लाल बी, डोक्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणून तोळ्याला शहाण्णव गुंजा. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, तेव्हा गुंज साधारण 121 मिलिग्रॅमची पडते. वेलीवरची प्रत्येक बी अर्थातच तेवढी नसते. कुठली घ्यायची आणि कुठली टाकायची हे सोनार नजरेने आणि बोटांनी ठरवे. वजनाचं मापच निवडून घ्यावं लागे. बी विषारी, पण कवच इतकं टणक की वर्षानुवर्षं डबीत राहून ती ना सुके ना फुगे. मापाला हाच गुण हवा.

आजचा बाजारातला तोळा सरळ दहा ग्रॅमचा आहे. आजीच्या चिठ्ठीत पाच तोळ्यांची पाटली लिहिलेली असेल तर ती आजच्या तोळ्यांत पावणेसहाच्या वर भरते. वाटणीच्या वेळी हा गुणाकार करणारा घरात एक तरी असावा.

घटिकापात्र

तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. ती पाण्यावर सोडायची. पाणी आत चढत जातं आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडते. ती एक घटिका. दिवसरात्र मिळून साठ घटिका, घटिकेची साठ पळं. लग्नात मुहूर्त साधायला हे पात्र मांडत. भटजींची नजर पात्रावर आणि मांडवाची नजर भटजींवर.

पात्र स्वतः काही वाजत नाही, सांगत नाही. कुणीतरी बसून राहावं लागतं. भास्कराचार्यांची मुलगी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लीलावतीच्या कथेत नेमकं हेच हुकतं: मुहूर्त बघायला ती वाटीवर वाकली, दागिन्यातला मोती सुटून भोकावर बसला, वाटी बुडेना आणि वेळ टळली. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती भेटते अकबराच्या दरबारातल्या फैझीने 1587 मध्ये केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरात. खरी असो वा रचलेली, रचणाऱ्याला हे यंत्र चांगलं ठाऊक होतं.

पाणी कोमट असेल तर घटिका लहान होते का? पाणी तापलं की पातळ वाहतं, तेव्हा भोक फारच बारीक असेल तर थोडी होणार. वैशाखातली लग्नं माघातल्या लग्नांपेक्षा काही पळं आधी लागत असतील काय, हे एखाद्याने वाटी, बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बघायला हरकत नाही.

मुंबई टाइम

1 जानेवारी 1906 पासून देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली. मुंबईचं स्थानिक घड्याळ तिच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होतं, आणि शहराने ते सहजी सोडलं नाही. महापालिका तर 1955 पर्यंत मुंबई टाइमला चिकटून होती. जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात वेळ विचारली की "कुठली?" असं विचारायला जागा होती.

सरकारी कागदावरून मुंबई टाइम गेला, आकाशातून जाणं शक्य नव्हतं. प्रमाणवेळ मोजतात साडेब्याऐंशी रेखांशावरून, प्रयागराजच्या जवळून जाणाऱ्या. मुंबई आहे त्र्याहत्तरच्या थोडी अलीकडे. अंशाला चार मिनिटं, म्हणून एकोणचाळीस. मुंबईत सूर्य बारा वाजता डोक्यावर येत नाही, सरासरीने बारा एकोणचाळीसला येतो. सरासरी म्हणायचं कारण, पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली असल्याने सूर्यही घड्याळाशी प्रामाणिक नसतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा बावीसच्या सुमारास माथ्यावर येतो, फेब्रुवारीच्या मध्याआधी बारा त्रेपन्नला.

उन्हात काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण केली की सर्वांत आखूड सावलीची वेळ कळते. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो, की त्या वेळी मुंबईत काठीला सावलीच उरत नाही. जुलैतला दिवस पावसाने बहुधा बुडतोच, मेमधला सापडतो.

गोटी सोडा

जाड काचेची हिरवट बाटली, गळ्यात गोटी. लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की फस्स करून आवाज. ही रचना हिरम कॉड या इंग्रज माणसाची, 1870 च्या दशकातली. बूच नाही, तार नाही. बाटली भरून उलटी केली की गोटी तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला रबरी कड्यावर दाबून धरतो. जो बाहेर पडू बघतो त्यालाच पहाऱ्याला बसवलं आहे.

गोटी आत कशी घातली, हा प्रश्न प्रत्येक पोराला पडे. उत्तर साधं आहे: गोटी आधी, तोंड नंतर. काच मऊ असताना रुंद तोंडातून गोटी टाकतात आणि मग गळा आवळून ओठ घडवतात. गळ्याखाली आणखी एक आवळा असतो, त्यामुळे ती तळाशी पडत नाही.

पिताना गोटी परत तोंडाशी येऊन सोडा अडे. गळ्याला आतून आलेले दोन उंचवटे असत. बाटली अशी धरायची की गोटी त्यांच्यावर अडकून राहील. हे कुणी शिकवत नसे. शर्टावर सांडलं की कळे.

लॉग टेबल

सदतीस गुणिले अठ्ठेचाळीस. टेबलात 37 समोर .5682, 48 समोर .6812. दोन्ही संख्या दोन अंकी, म्हणून दशांशचिन्हाआधी एकेक आपण लिहायचा: 1.5682 आणि 1.6812. बेरीज 3.2494. आता मागची अँटिलॉगची पानं उघडायची: .24 च्या ओळीत 9 खाली 1774, उजवीकडच्या मीन डिफरन्सच्या रकान्यात 4 खाली 2, मिळून 1776. बेरजेत दशांशचिन्हाआधी तीन आहे, म्हणून उत्तर चार अंकी. उत्तर 1776.

गुणाकाराची बेरीज करून देणारी ही युक्ती जॉन नेपियरने 1614 मध्ये छापली. दहाच्या पायावर तिला बसवलं हेन्री ब्रिग्जने. पुस्तकात नुसते अंक असतात. ते सतराशे आहेत की सतरा की एक पूर्णांक सात, हे पुस्तक सांगत नाही. ते विद्यार्थ्याने सांगायचं, आणि त्यासाठी उत्तर साधारण केवढं येणार हे आधी ठाऊक असावं लागे.

1881 मध्ये सायमन न्यूकम या अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की लॉग टेबलची सुरुवातीची पानं मळकी असतात आणि पुढे पुढे स्वच्छ होत जातात. सुरुवातीच्या पानांवर एकने सुरू होणाऱ्या संख्या, शेवटच्या पानांवर नऊने. म्हणजे लोकांना एकने सुरू होणाऱ्या संख्या जास्त लागत होत्या. असं का व्हावं? एक ते नऊ हे अंक समान वाटणीने यायला नकोत? न्यूकमने छोटं टिपण लिहिलं, ते मागे पडलं. 1938 मध्ये फ्रँक बेनफर्डने नद्यांच्या खोऱ्यांपासून वस्त्यांच्या लोकसंख्येपर्यंत हजारो आकडे गोळा करून तेच दाखवलं, आणि नियमाला नाव बेनफर्डचं पडलं.

कारण समजायला बँकेचं पासबुक पुरे. एक लाखाचे दोन लाख व्हायला रक्कम दुप्पट व्हावी लागते, तोपर्यंत पहिला अंक एकच राहतो. नऊ लाखांचे दहा लाख व्हायला मात्र जेमतेम नववा हिस्सा वाढ पुरते, आणि दहा झाले की पुन्हा एक. वाढणाऱ्या गोष्टी एकच्या घरात सर्वांत जास्त मुक्काम करतात. किती? एकूण काळाच्या 30.1 टक्के. हा आकडा त्याच टेबलात, दोन समोर छापलेला आहे: .3010. हिशेबातले बनावट आकडे हुडकायला आज लेखापरीक्षक हा नियम वापरतात, कारण मनाने आकडे लिहिणारा माणूस एकला त्याचा वाटा देत नाही.

आपल्या बारावीच्या बोर्डात अजून कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तेवढा एक कोपरा त्याला उरला आहे. कॅल्क्युलेटरची बटणंही झिजतात, पण पहिला अंक कुठला आणि शेवटचा कुठला हे झिजलेलं बटण सांगत नाही.

स्लाइड रूल

लॉग टेबलाचाच लाकडी अवतार. दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवायच्या, काचेवरची केसासारखी रेघ आकड्यावर आणायची आणि वाचायचं. तीन अंकांपलीकडे नजर पोचत नसे आणि दशांशचिन्ह मुळीच नव्हतं. पूल, धरणं, विमानं या अंदाजपंचे वाटणाऱ्या पट्टीवर उभी राहिली. अपोलोच्या काही मोहिमांत ती चंद्राच्या वाटेवरही गेली. 1972 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा खिशात मावणारा एचपी-35 आला आणि चार-पाच वर्षांत पट्टीचा धंदा बसला.

रेडिओची सुई

काचेच्या पट्टीवर गावांची नावं, मागे पिवळा दिवा, बाजूला गोल बटण. बटण फिरवलं की दोरा सरके आणि दोऱ्याबरोबर सुई. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत. एवढं करून सुई नेमकी स्टेशनवर कधीच नसे. खरखर कमी होऊन आवाज भरदार होतो ती जागा बोटांनी शोधायची, आणि सापडली की घरात सगळ्यांनी हात आवरायचे.

1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीत प्रिय, सिनेमाच्या गाण्यांचं वावडं. आकाशवाणीवर गाणी आटली तशा देशभरातल्या सुया रेडिओ सिलोनकडे वळल्या. त्याच वर्षअखेर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथून सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. शॉर्टवेव्हवर आवाज लाटांसारखा यायचा आणि जायचा, गाण्याचा मधलाच एखादा शब्द विरे, तो ऐकणाऱ्याने स्वतः भरून घ्यायचा. याला उत्तर म्हणून 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीने विविध भारती काढली.

रात्री दूरची स्टेशनं लागतात आणि सकाळी गायब होतात, हे तेव्हा प्रत्येक घराला माहीत होतं. उन्हामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर तयार होतो आणि मिडियम वेव्हच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून परततात. आकाशात काही तरी दिवसा असतं आणि रात्री नसतं, हे दिवाणखान्यात बसून कळत होतं. इंटरनेटवरून येणाऱ्या रेडिओला सूर्यास्त नाही.

पाऱ्याचा थर्मामीटर

हातात धरून आधी तीन-चारदा झटकायचा. पारा आपोआप उतरत नाही, कारण फुग्याच्या वर नळी मुद्दाम आवळलेली असते: पारा फुगताना तिथून वर घुसतो, आकसताना धार तुटून वरचा पारा वरच राहतो. म्हणून जिभेखालून काढून खिडकीशी नेईपर्यंत ताप जागचा हलत नाही.

खिडकीशी नेला तरी तो लगेच दिसत नसे. काच तिकोनी, बोटांत किंचित फिरवत राहिलं की एका कोनात ती बारीक चंदेरी रेघ एकदम जाड होऊन उभी राहते. फॅरेनहाइटच्या नळीवर दोन छोट्या खुणांमध्ये 0.2 अंश. रेघ मध्येच थांबली की आई म्हणे शंभर, बाबा म्हणत शंभरला थोडं कमी, आणि शाळेला जायचं की नाही हे त्या थोड्यावर ठरे. 98.4 पाशी वेगळी खूण असे.

पारा विषारी, फुटलेल्या नळीतले त्याचे मणी मुलांनी तळहातावर खेळवणं अगदीच वाईट. मिनामाता करारानुसार 2020 नंतर पाऱ्याचे थर्मामीटर बनवायचे नाहीत असं ठरलं; भारतानेही 2018 मध्ये करार मान्य केला. हे जाणं योग्यच झालं. नवा थर्मामीटर टीं वाजतो आणि 99.7 दाखवतो. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही.

फिल्मचं खोकं

फिल्मच्या खोक्यावर किंवा आतल्या चिठ्ठीवर चित्रं छापलेली असत: कडक ऊन, धुकट ऊन, ढगाळ, सावली. प्रत्येकासमोर ॲपर्चर. शंभर ASA ची फिल्म, कडक ऊन: ॲपर्चर सोळा, शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. आगफा क्लिक थ्री या साध्या डबा कॅमेऱ्यात तर ऊन आणि ढग एवढ्याच खुणा. रोलमध्ये बारा फोटो. कृष्णधवल फिल्म उटीच्या सरकारी कारखान्यातली, नाव इंदू.

आजचं ऊन कडक की धुकट, हे डोळ्याला विचारून चालत नाही, कारण डोळा सगळ्या उजेडाशी जुळवून घेतो. मग जाणते लोक जमिनीवर बघत: सावलीची कड रेखीव आहे का पुसट, की सावलीच नाही. बाराच फोटो असल्याने एवढं बघायला सवड होती.

तार

शब्दावर पैसे. म्हणून माणसं फॉर्मवर आधी लिहीत आणि मग खोडत. क्रियापद गेलं, नमस्कार गेला, उरलं ते "आई गंभीर लवकर या". खोडलेलं सगळं वाचणाऱ्याने गाडीत बसून भरून काढायचं. 14 जुलै 2013 ला शेवटच्या तारा घेतल्या गेल्या.

ज्ञानकोशाचा खंड

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, भाग विकून उभ्या केलेल्या कंपनीच्या बळावर. पहिले पाच प्रस्तावनेचेच, त्यांतला एक विज्ञानाच्या इतिहासाचा. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम मांडलं. पहिला खंड 1976 चा, एकूण खंड वीस.

ग्रंथालयात कपाटाला कुलूप, किल्ली ग्रंथपालांकडे. किल्ली मिळाली तरी खरी मेहनत पुढेच: हवी ती गोष्ट संपादकांनी कुठल्या नावाखाली घातली असेल? इंद्रधनुष्य 'इं'मध्ये असेल, की प्रकाशाच्या मोठ्या नोंदीत मुरलेलं? हे ओळखायला इंद्रधनुष्य कशातलं काय आहे याची पुसट कल्पना आधीच असावी लागे. चुकलं तर नोंदीशेवटी 'पहा' असे, आणि त्या 'पहा'च्या मागे गेलेला माणूस दुपारभर परतत नसे. विश्वकोश आता संकेतस्थळावर आहे. शब्द टाकला की नोंद येते, आणि ती कुठल्या खंडात होती याने काही बिघडत नाही.

नऊवारी

कापड आता मीटरने मिळतं. वार उरला तो लुगड्याच्या नावात, आणि रोज नेसणाऱ्या बायका आता थोड्याच. नऊ वार म्हणजे 8.23 मीटर. पन्हा 1.2 मीटर धरू.

यात सूत किती? लुगडं उसवून एकच धागा केला आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रुळाच्या कडेने पसरत नेला, तर कुठलं स्टेशन येईल? गणित करण्याआधी मनाशी एक स्टेशन ठरवावं. विचारल्यावर बहुतेक जण दादरच्या अलीकडे थांबतात.

साध्या सुती लुगड्यात सेंटिमीटरला तीस धागे धरू, उभे तीस आणि आडवे तीस. भिंग आणि सुई घेऊन मोजता येतात. पन्ह्यात 120 सेंटिमीटर, म्हणजे ताण्याचे 3,600 धागे, प्रत्येक 8.23 मीटर लांब: साधारण 29.6 किलोमीटर. लांबीत 823 सेंटिमीटर, म्हणजे बाण्याचे 24,690 धागे, प्रत्येक 1.2 मीटर: पुन्हा 29.6. दोन्ही आकडे सारखे आले हा योगायोग नव्हे. विणीची दाटी दोन्हीकडे सारखी धरली की ते सारखे यायलाच हवेत. एकूण 59 किलोमीटर.

कल्याण 54 वर आहे, म्हणजे धागा अंबरनाथच्या आसपास संपतो. आपण धरलेले तीस धागे चुकीचे असू शकतात. जाडंभरडं असेल आणि पंचवीसच निघाले तर 49, डोंबिवली. तलम असेल आणि चाळीस निघाले तर 79, बदलापूरही मागे पडलं. स्टेशन इकडचं तिकडे होईल. ठाणे मात्र येणार नाही, आणि पुणेही येणार नाही.